दुसऱ्या डिव्हिजनची पैज

पैज मी लावली होती, आणि ती मी हरणं शक्यच नाही याची मला पुरेपूर खात्री होती. आम्ही पुण्याची माणसं उगाच पैज लावत नाही. आधी हिशेब करतो, मग तो पुन्हा तपासतो, आणि समोरचा नक्की बुडणार असं दिसलं की मगच हात पुढे करतो.

गोष्ट १९८६ सालच्या मार्चमधली. आम्ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर नावाच्या गावात राहत होतो. दगडी गिरण्यांचं, चढउतारांचं गाव. माझा नवरा प्रताप एका गिरणीत टेक्स्टाइल इंजिनिअर, मी लहान मुलांची डॉक्टर, आणि आमची दीपा बारा वर्षांची. गावातले निम्मे लोक पोर्तुगीज, तेही बहुतेक अझोर्स बेटांवरून आलेले. मराठी माणसं तीन, आणि तिन्ही आमच्याच घरात. मराठी बोलायची हुक्की आली की एक तर नवऱ्याशी भांडायचं, नाही तर मिशिगनला मृणालिनीला फोन करायचा. मृणालिनी माझी मेडिकल कॉलेजातली मैत्रीण. ती नोव्हायला राहायची. तिथे मोटारींच्या कंपन्यांतले मराठी इंजिनिअर गल्लोगल्ली. शिवाय मंडळ, गणपती, दर वर्षी एक नाटक. "कोथिंबीर संपली की सरळ शेजारी जाऊन मागते बघ," असं ती सांगायची आणि फोन ठेवल्यावर मला रडू यायचं. कोथिंबीर काय, फॉल रिव्हरलाही मिळत होती. ती मराठीत मागायला शेजार नव्हता.

त्या हिवाळ्यात नोव्हायच्याच एका कंपनीने प्रतापला नोकरी देऊ केली. मोटारींच्या सीटचं कापड बनवायचं काम, पगार इथल्यापेक्षा चांगला, नवा कारखाना पुढच्या जानेवारीत सुरू होणार. मी मनातल्या मनात पडदे शिवायलाही घेतले. प्रताप मात्र म्हणाला, "बघू."

या 'बघू'च्या मागे होता फुटबॉल.

प्रताप कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम असते. मूळचा तो कुस्तीचा आखाडा, पण त्या तालमीचा फुटबॉलचा संघही असतो, आणि संघ हरला की अख्खी पेठ तोंड पाडून बसते. पेठा पुण्यातही आहेत, पण आम्ही फार तर एकमेकांशी बोलणं टाकतो, बॉल घेऊन अंगावर धावून जात नाही. प्रताप कॉलेजात असताना तालमीचा गोलकीपर होता. अमेरिकेत आल्यावर जो भेटेल तो त्याला क्रिकेटबद्दल विचारी, आणि तो बिचारा वर्षानुवर्षं ऐकून घेई. मग एका रविवारी त्याच्या गिरणीत माग दुरुस्त करणारा मनुएल त्याला आपल्या क्लबात घेऊन गेला.

क्लबाचं नाव संत आमारू. अझोर्सच्या एका बेटावरच्या एकाच खेड्यातून आलेल्या लोकांचा तो क्लब. तळघरात बार, वर जेवणाचा हॉल, भिंतीवर संताची तसबीर, मागे मैदान आणि त्या मैदानावर एक फुटबॉल संघ. आसपासच्या गावांतल्या अशा पोर्तुगीज क्लबांची मिळून एक लीग होती आणि तिच्या दोन डिव्हिजन होत्या. संत आमारू दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथेही आदल्या वर्षी शेवटून दुसरे. खेळणारे सगळे आठवडाभर राबणारे. कोणी बेकर, कोणी गवंडी, कोणी मासेमारीच्या बोटीवर. प्रताप तिथून परत आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच.

"नीला, तालीम आहे गं ती! सेम टू सेम आमची तालीम! मी म्हटलं, पलीकडच्या बेटावरचा एक पोरगा चांगला खेळतो, त्याला घेऊ. तर मनुएल काय म्हणतो? 'ओव्हर माय डेड बॉडी!' असं म्हणतो! लई बरं वाटलं बघ."

मार्चमध्ये त्यांचा कोच कायमचा बेटावर परत गेला आणि त्यांनी ते काम प्रतापच्या गळ्यात घातलं. त्याने गळा आनंदाने पुढे केला. मला म्हणाला, "एकच सीझन. ऑक्टोबरपर्यंत. नोव्हायचं मग बघू."

"मग बघू नाही," मी म्हटलं. "आत्ताच ठरवून टाक. तुझी तालीम पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली तर आपण इथेच राहू. मी पुन्हा नोव्हायचं नाव काढणार नाही. नाही गेली, तर नोव्हेंबरात सामान बांधायचं आणि तू तोंड वाकडं करायचं नाहीस."

दहा संघ, त्यातला फक्त पहिला वर जाणार, आणि हे शेवटून दुसरे. प्रतापने क्षणभरही विचार केला नाही. हातावर टाळी दिली. कोल्हापूरच्या माणसाला पैज म्हटलं की मागचं-पुढचं काही सुचत नाही, हे मी हिशेबात धरलंच होतं. त्याच संध्याकाळी मृणालिनीला फोन करून सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या नाटकात माझ्यासाठी एक भूमिका राखून ठेव.

"कसली हवी?"

"भरपूर बोलायची. इतक्या वर्षांचं साठलंय गं."

पहिली मॅच एप्रिलमध्ये होती. मी गेले, कारण मला त्यांना हरताना बघायचं होतं. सोबत वाचायला पुस्तक घेतलं. तोवर प्रतापने पोरांना महिनाभर पहाटे उठवून मैदानाला चकरा मारायला लावल्या होत्या आणि वर बैठका. मनुएलची बायको ओडेट मला दवाखान्यात येऊन सांगून गेली होती, की तिच्या भावाला आता जिना चढता येत नाही, तो खालीच सोफ्यावर झोपतो. मॅचच्या आधी प्रतापने गोलपोस्टसमोर नारळ फोडला. चर्चचे फादर आले होते, त्यांनी ते शांतपणे पाहिलं, आणि मग आपणही मागे राहायला नको म्हणून त्याच गोलपोस्टवर पवित्र पाणी शिंपडलं. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांनी वाटून खाल्ले.

हाफ टाइमला संत आमारू एका गोलने मागे होते. मी सुखात होते. पुस्तकाचं पान उलटताना सहज नजर गेली, तर आमचे वीर गवतावर फतकल मारून बसलेले, हातात ब्रेड आणि चोरीसू, म्हणजे त्यांचं ते मसालेदार डुकराचं सॉसेज, मधोमध घरच्या लाल वाइनची बरणी, आणि गोलकीपर सिगारेट ओढतोय.

मी गप्प बसायला हवं होतं. माझा फायदा त्यातच होता. पण दिवसभर मी आयांना सांगत असते, पोराला काय खायला द्यावं, काय देऊ नये, आणि माझ्या डोळ्यांदेखत धावायच्या आधी वाइन? माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि सरळ जाऊन बरणी उचलली.

"व्हॉट इज धिस? तुम्ही खेळायला आलात की बारशाला?"

निम्म्या जणांची पोरं माझ्याकडे औषधाला यायची, त्यामुळे सगळे मला ओळखत होते, दोतोरा म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणायचे. "दोतोरा, थोडीशीच," गोलकीपर झिल्बेर्तो म्हणाला. मी त्याच्या तोंडातली सिगारेट काढून विझवली. ओडेटला घेऊन क्लबाच्या स्वयंपाकघरात गेले आणि पातेलंभर पाण्यात साखर, मीठ आणि लिंबू पिळून आणलं. जुलाब झालेल्या पोरांना मी तेच पाजते. एकेकाला समोर उभं करून ग्लास संपवायला लावला. मोठमोठे दाढीवाले बाप्ये नाक दाबून प्यायले.

दुसऱ्या हाफमध्ये समोरचा संघ, जो आपली वाइन यथास्थित पिऊन आला होता, तो पेंगायला लागला, आणि आमचे धावतच राहिले. दोन गोल झाले. झे नावाच्या एका कोळ्याच्या पोराने, चांगला बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या तो, दोन्ही मारले. गाडीत बसल्यावर प्रताप नुसता शीळ घालत ड्राइव्ह करत होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय.

"एका मॅचने काही होत नाही," मी म्हटलं.

"तर काय," प्रताप म्हणाला.

मी ठरवलं, आता पुन्हा मैदानावर पाऊल टाकायचं नाही. ते मी पाळलंही, दोन रविवार. पण मैदान दवाखान्यात चालत आलं तर माणसाने काय करावं? मे महिन्यात झिल्बेर्तो आपल्या मुलीला घेऊन आला. शाळेने तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. पोरगी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेली. तिच्या मागे उभा असलेला बाप मात्र डोळे बारीक करून बघत होता. तो मला हळूच म्हणाला, "दोतोरा, वर ते मोठं काय आहे, ई की एफ?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस गोलकीपर! लांबून मारलेला प्रत्येक बॉल हा का सोडत होता ते मला त्या क्षणी कळलं. त्याला तो दिसतच नव्हता.

त्याला काही न सांगता घरी पाठवलं असतं तर? तो काही माझा पेशंट नव्हता. पेशंट त्याची मुलगी, आणि तिची नजर उत्तम होती. एवढा सगळा विचार मी केला, नाही असं नाही. पण हाच माणूस रोज पहाटे पावाची गाडी चालवतो, हेही मला माहीत होतं. मी त्याला फाडफाड बोलले आणि समोरच्याच रस्त्यावरच्या चष्मेवाल्याकडे पिटाळला. पुढच्या रविवारी तो चष्मा लावून, मागे चड्डीचं इलॅस्टिक बांधून उभा राहिला. त्यानंतर चार मॅचमध्ये संत आमारूवर एकही गोल झाला नाही. मॅच संपली की तो चष्मा काढायचा, त्याचा मुका घ्यायचा आणि माझ्या दिशेने हात हलवायचा. मग मी तरी घरी कशी बसणार? उगीच वाईट दिसतं.

जूनमध्ये मेक्सिकोत वर्ल्ड कप झाला. पोर्तुगालचा संघ पहिल्याच फेरीत गारद होऊन परत गेला आणि आमच्या गावावर अवकळा पसरली. दुकानदार सुटे पैसे देतानाही उसासे टाकत. मला वाटलं, आता आमचेही खचतील. पण प्रतापने त्यांना हॉलमध्ये बसवून एक भाषण ठोकलं. देश हरला म्हणून पेठ हरत नाही, देशाचं देशाने बघावं, आपण आपल्या पेठेचं बघायचं, असा त्याचा मथितार्थ. मनुएलने ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं आणि सांगता सांगता टेबलावर मूठ आपटली. पुढची मॅच ते पाच गोलांनी जिंकले. मृणालिनीने फोनवर विचारलं, "काय गं, हरतायत ना?" मी म्हटलं, "हरतील की. अजून सीझन मोठा आहे."

जुलैमध्ये त्यांचा मोठा सण आला. त्या सणात क्लब सगळ्या गावाला जेवू घालतो, अगदी आपल्या भंडाऱ्याच्या पंगतीसारखं. मोठाल्या हंड्यांत मांसाचा रस्सा रटरटत असतो आणि तो ब्रेडवर, पुदिन्याच्या पानांवर ओतून देतात. मी मांस खात नाही. मी आपली दीपाला आणि प्रतापला घेऊन गेले, म्हटलं एखादा गोड पाव खाऊन येऊ. पंगतीत बसले तर ओडेट एक लहान पातेलं घेऊन आली. कोबी, बटाटे, तोच मसाला, वर पुदिना. "हे फक्त दोतोराचं," तिने सगळ्यांना दटावून सांगितलं. "याला मांसाचा चमचासुद्धा लागलेला नाही. मी पहाटेपासून शेजारी उभी आहे." नोव्हायमधल्या कोणी माझ्यासाठी पहाटेपासून पातेल्याशेजारी उभं राहिलं असतं का, हा प्रश्न मनात आला आणि मी तो झटकून टाकला. पैज आपल्या जागी आणि कोबी आपल्या जागी.

ऑगस्टमध्ये मात्र माझं नशीब फळफळल्यासारखं झालं. झेने एक पेनल्टी हुकवली. बॉल गोलवरून, कुंपणावरून, थेट पार्किंगमध्ये. ती मॅच ते हरले, त्यापाठोपाठ आणखी एक हरले. झेचा बाप त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही, आणि बाप-लेक एकाच बोटीवर कामाला, म्हणजे बघा. मी घरी गणपतीच्या आधी माळा साफ करायला घेतला आणि जाता जाता चार खोकीही जमवून ठेवली. प्रतापने खोकी पाहिली. एक पायाने जराशी बाजूला सारली. त्या रात्री दुसऱ्यांदा भातही घेतला नाही, आणि मला आपण जिंकतोय याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

पण सप्टेंबरात ते पुन्हा जिंकायला लागले. असं होत होत ऑक्टोबर उजाडला आणि शेवटची मॅच राहिली. समोर पहिल्या नंबरचा संघ, शेजारच्याच गावातला, दुसऱ्या बेटाच्या लोकांचा. ते एका गुणाने पुढे होते. त्यांना बरोबरी चालणार होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. आम्हाला म्हणजे त्यांना.

पैजेची गोष्ट आतापर्यंत सगळ्या क्लबाला ठाऊक झाली होती. प्रतापच्या पोटात काही राहत नाही. मैदानावर पोचले तर बायका माझ्याकडे कौतुकाने आणि जराशा संशयाने बघत होत्या. झाडं लालपिवळी झालेली, हवेत बोचरा गारवा, आणि दोन्ही बेटांची माणसं दोन्ही बाजूंना कोट घालून उभी. दीपा गोलपोस्टमागे मैत्रिणींबरोबर ओरडत होती. मी औषधांची बॅग घेऊन बाकावर बसले. पुस्तक कधीच आणायचं बंद झालं होतं.

त्यांनी आधी गोल केला. मग झेने बरोबरी केली. दुसऱ्या हाफमध्ये झिल्बेर्तोने चष्मा सांभाळत दोन बॉल असे अडवले, की फादरनी दोन्ही वेळा छातीवर क्रॉसची खूण केली. वेळ संपत आली तरी एक-एकच. मी घड्याळ बघत होते आणि आतून मला काय हवंय ते माझं मलाच कळत नव्हतं. एवढ्यात त्यांच्या एका धटिंगणाने आमच्या बेकरला गोलसमोर आडवा पाडला आणि रेफरीने शिट्टी मारली. पेनल्टी.

आमच्या बाजूचा सगळा आवाज एकदम वाढला आणि एकदम थांबला. कारण बॉलकडे चालत निघालेला झे मध्येच मांडी धरून खाली बसला. मग आडवाच झाला. रेफरीने मला हात केला.

मी बॅग घेऊन धावले. झे डोळे घट्ट मिटून विव्हळत होता. उजवी मांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेली. मी चाचपून पाहिली. कुठे गाठ नाही, ताठरपणा नाही, मऊ मऊ मांडी. मी विचारलं, "कुठे दुखतंय, झे?"

"इथे, दोतोरा," तो म्हणाला आणि डावी मांडी दाखवली.

सोमवारी सकाळी पोटात दुखणारी, शाळेची बस गेली की बरी होणारी पोरं मी आयुष्यभर तपासत आले होते. आया त्यांना माझ्याकडे आणतात आणि मला बघून ती असाच एक डोळा किलकिला करून अंदाज घेतात. झेनेही केला.

रेफरीने विचारलं, "कॅन ही कंटिन्यू, डॉक्टर?"

मला फक्त मान हलवायची होती. नाही म्हटलं असतं तर झे बाहेर गेला असता. पेनल्टी घ्यायला दुसरं कोणी पुढे येत नव्हतं, सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि मी डॉक्टर, माझ्या शब्दावर शंका कोण घेणार? नोव्हायचं घर दिसलं मला, खरंच दिसलं. खिडकीला पडदे, शेजारून कोणीतरी मराठीत हाक मारतंय, स्टेजवर उजेड. एवढं सगळं मानेच्या एका हिसक्यावर अडलेलं होतं. त्या क्षणी मला ते फार, फार हवं होतं, खोटं कशाला सांगू?

आणि मग मला राग आला. माझ्याशी खोटं! माझ्याशी, जिने याच्या भाच्यांचे कान, घसे आणि गोवर सगळं निस्तरलं?

"ऊठ!" मी शुद्ध मराठीत ओरडले. "सोंगं करतोस? लाज नाही वाटत, एवढा घोडा झालास तरी? ऊठ आधी!"

भाषा त्याला कळली नाही, पण सूर जगातल्या सगळ्या पोरांना कळतो. त्याने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"दोतोरा, हुकली तर पापा पुन्हा बोलायचे नाहीत. बोटीवर फार वाईट वाटतं."

माझा राग विरघळला. मी त्याच्याशेजारी गवतावर बसले आणि दवाखान्यात इंजेक्शनच्या वेळी पोरांना जे सांगते तेच त्याला सांगितलं. सुईकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं. आणि टोचायच्या वेळी आपल्या आईचं नाव जितक्या जोरात घेता येईल तितक्या जोरात घ्यायचं. नाव घेताना माणूस श्वास सोडतो, अंग सैल पडतं, आणि सुई कधी गेली ते कळतही नाही.

"ही इज फाइन," मी रेफरीला म्हटलं. मग चालत चालत गोलच्या जाळीमागे जाऊन उभी राहिले. दीपा माझ्या बाजूला आली. "आई, व्हॉट आर यू डूइंग? धिस इज सो एम्बॅरसिंग!" मी तिला गप्प केलं.

झेने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला. गोलकीपरकडे बघितलंच नाही. जाळीतून नुसता माझ्याकडे बघत राहिला. धावत आला आणि बॉलला पाय लावता लावता छाती फुटेस्तोवर ओरडला, "इस्मेऽनिया!"

"काय रे?" गर्दीतून त्याच्या आईने दचकून ओ दिली. त्यांचा गोलकीपर त्या आवाजाच्या दिशेने वळला, आणि बॉल दुसऱ्या बाजूने जाळीत येऊन माझ्या नाकासमोर अडकला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडत होते, उड्या मारत होते, ओडेटला मिठी मारली होती, बॅगेतलं बँडेज सुटून पायात गुंडाळलं गेलं होतं. प्रतापला पोरांनी खांद्यावर घेतलं. झेचा बाप मैदानात आला, लेकासमोर उभा राहिला, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून गदागदा हलवलं. ते बघून मी पुन्हा ओरडले. ओरडता ओरडता एकदम आठवलं, की आपण हरलोय.

घरी जायला निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रताप ड्राइव्ह करत होता. गिरण्यांचा रस्ता लागल्यावर म्हणाला, "नीला, झेच्या पायाला काही झालं नव्हतं. बरोबर?"

"नव्हतं."

"तुला कधी कळलं?"

"बघितल्या बघितल्या."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. एका गिरणीच्या भिंतीशी. स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून, समोर बघत म्हणाला, "उद्या नोव्हायला फोन करतो मी. हो म्हणून सांगतो. पैज राहू दे बाजूला. एकदा पेठ वर गेलेली बघायची होती, बघितली. तू इतकी वर्षं इथं एकटीच आहेस, ते काय मला दिसत नाही व्हय? दिसतं गं. बोलायचं धाडस होत नव्हतं."

मला रडू आलं. त्याने हे एवढं जरी आधी म्हटलं असतं तर मी पैज लावलीच नसती. किती वर्षं मी वाट बघत होते, की त्याला हे दिसतं असं त्याने एकदा तोंडाने म्हणावं. मी पदरात तोंड खुपसून रडले. हो, कोटाखाली साडी होती, शेवटच्या मॅचसाठी मुद्दाम नेसले होते. रडता रडता मला त्याचा प्रचंड रागही आला.

"आत्ता सांगतोस?" मी म्हटलं. "पहिल्या डिव्हिजनमध्ये गेल्यावर? त्या झिल्बेर्तोचा नंबर वाढलाय, त्याला कोण सांगणार? आणि झे पेनल्टी कोणाकडे बघून मारणार पुढच्या वर्षी, तुझ्याकडे? तुझं तोंड बघून धडधाकट पोरगं रडेल!"

"अगं, पण नाटक..."

"नाटकाचं नाव काढू नकोस!" नाटकाचं दुःख मला झालं, आजही होतं. मृणालिनीने राखलेल्या त्या भूमिकेत चांगली तीन पानं संवाद होते.

मागच्या सीटवरून दीपाने डोकं पुढे घातलं. "सो आर वी मूव्हिंग ऑर नॉट? आय नीड टु टेल ओडेट काकू. शी वॉज क्राइंग इन द किचन. शी थिंक्स यू'ल लीव्ह एनीवे."

प्रताप आणि मी, दोघंही मागे वळलो.

"ओडेट काकू?" मी विचारलं. "तिला तू काकू म्हणतेस? कधीपासून?"

"आय डोन्ट नो. ऑलवेज." दीपाने खांदे उडवले. "व्हॉट एल्स वुड आय कॉल हर?"

मी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. प्रताप माझ्याकडे बघत होता.

"गाडी वळव," मी म्हटलं. "क्लबावर चल. ती अजून स्वयंपाकघरातच असेल."